मागचं झाकण

२०२५ चा एप्रिल संपता संपता नानांचा फोन फुगला. मी चोपड्याकडे गावी गेलेलो, दुपारचं जेवण करून ओसरीत आडवा झालो होतो, तेवढ्यात नाना मळ्यातून आले आणि एरवी बंडीच्या खिशात असणारा फोन दोन बोटांत धरून माझ्यासमोर ठेवला. "हाई देख, बेटरी फुगी गयी." फरशीवर ठेवला तर फोन सरळ बसेना, नुसता डुलत होता. स्क्रीन एका बाजूने फ्रेममधून उचकटलेली, फटीत रुपयाचं नाणं सहज गेलं असतं, आणि बंद दाराखालून दिव्याचा उजेड यावा तसा त्या फटीतून डिस्प्लेचा उजेड बाहेर येत होता. तरी फोन चालूच होता. माय स्वयंपाकघरातून ओरडली, "बंद करा तो आधी, फुटी जाई!"

फोन अडीच वर्षांपूर्वी चौदा हजारांना घेतलेला. कधी पडला नाही, कधी पाण्यात गेला नाही, नाना वस्तू जपून वापरणारा माणूस.

नानांचं वय बहात्तर. त्यांच्यासाठी फोन म्हणजे टाइमपास नाही. सकाळी व्हॉट्सॲपवर बऱ्हाणपूर आणि रावेरचे केळीचे भाव येतात ते बघायचे, व्यापाऱ्याशी बोलायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोटर. विहिरीवर स्टार्टरच्या पेटीला मोबाईल स्टार्टर बसवलाय, त्यात एक सिम असतं, त्या नंबरला फोन लावला की पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज येतो, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. शेतीची लाईन, म्हणजे वीज, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको. पूर्वी रात्री एक वाजता लाईन आली की टॉर्च घेऊन मळ्यात जावं लागायचं, साप-विंचू तर होतेच, आता बिबट्याची पण भीती. ते जाणं या एका फोनमुळे थांबलं. (त्या पेटीतलं सिम टू-जीवर चालतं, आणि 'टू-जी मुक्त भारत' ही घोषणा मुकेश अंबानींनी २०२० मध्ये केली तेव्हापासून मला त्या पेटीची काळजी आहे. टू-जी बंद करायचं म्हणजे फक्त जुने बटणाचे फोन जाणार असं लोकांना वाटतं, विहिरीवरच्या पेट्या कोणी मोजल्यात? पण तो वेगळा विषय, त्यावर परत कधीतरी लिहीन.)

आता उन्हाचं. त्या आठवड्यात आमच्याकडे पारा ४३ च्या आसपास चिकटून होता. खान्देशात यात काही नवीन नाही, मे महिन्यात ४५ झालं तरी माणसं "आज जरा जास्तच शे" एवढंच म्हणतात. त्या रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मी फोनच्या माहितीपुस्तिका वाचत बसलो, म्हटलं बघू तरी कंपन्या काय म्हणतात. ॲपल घ्या, सॅमसंग घ्या, दोघांनी लिहून ठेवलंय की फोन वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस. पस्तीस! आमच्याकडे मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपार व्हायच्या आतच ३५ ओलांडलेलं असतं आणि दिवस मावळला तरी लवकर खाली येत नाही. म्हणजे वर्षातले अडीच महिने आख्खा जळगाव जिल्हा, धुळे, नंदुरबार, सगळे कंपन्यांच्या लेखी चुकीच्या जागी राहतात. पण फोन विकायला मात्र आमचे जिल्हे चालतात, दिवाळीच्या ऑफरचे बोर्ड तालुक्याच्या गावापर्यंत लागतात. त्या बोर्डावर ३५ चा आकडा मी कधी बघितला नाही.

लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, हे कंपन्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. आतलं इलेक्ट्रोलाइट गरमीने हळूहळू विघटित होतं, त्यातून गॅस बनतो, आणि हल्लीची फोनची बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याची चारी बाजूंनी बंद केलेली पिशवी, गॅसला बाहेर पडायला वाट नाही, मग पिशवी फुगते आणि समोर जे येईल ते ढकलते, बहुतेक वेळा स्क्रीन. फुल चार्ज असताना गरम झाली तर हे आणखी वेगाने होतं. नाना रात्री झोपताना फोन चार्जिंगला लावायचे आणि सकाळी शंभर टक्के झालेला फोन बंडीच्या खिशात घालून बागेत, छातीचा घाम, वरून ऊन. माय तिचा फोन दुपारी माठाच्या तिवईपाशी ओल्या फडक्यावर ठेवते, तिला कोणी शिकवलं नाही, दह्याचं भांडं जिथे ठेवते तिथेच फोन. फ्रीजमध्ये ठेवू नको एवढं मी तिला सांगितलंय, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. पण नानांनी काय करायचं? शेतकऱ्याने फोन शेतात न्यायचा नाही का?

दुसऱ्या दिवशी फोन बंद केला, सुती कापडात गुंडाळला आणि एसटीने जळगाव गाठलं. अधिकृत सर्व्हिस सेंटर, कुठल्या कंपनीचं ते सोडा. टोकन घेतलं, एसीत बसलो, तासाभराने नंबर लागला. काउंटरवरच्या मुलीने फोन बघितला, कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप केलं आणि सांगितलं की वॉरंटी संपलीय, फोन उघडताना डिस्प्ले तुटू शकतो म्हणून डिस्प्ले आणि बॅटरी दोन्ही मिळून सहा हजार आठशे, पार्ट मागवावा लागेल, आठ-दहा दिवस, डेटाची गॅरंटी नाही. नानांनी शांतपणे विचारलं, "ताई, नुसता सेल नाही का बदलता येणार?" ती म्हणाली, "काका, हा फोन तसा बनवलेलाच नाहीये."

तिची काही चूक नाही, ती खरं तेच बोलली. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कोणीतरी कुठल्यातरी मीटिंगमध्ये बसून ठरवलं की सेल बदलता येणार नाही असा फोन बनवायचा, आणि त्या मीटिंगमध्ये नानांसारखा माणूस कोणाच्या डोळ्यासमोर नव्हता.

नानांचा पहिला फोन नोकिया ११००. २००३ साली आलेला, जगभरात २५ कोटींच्या आसपास विकला गेला, टॉर्च होता, धुळीचा त्रास नको म्हणून अख्ख्या कीपॅडवर एकसंध रबर होतं. तो फोन बनवणाऱ्यांनी आपल्यासारख्या देशातला माणूस डोळ्यासमोर ठेवून बनवला होता आणि ते वापरताना कळायचं. मागचं झाकण अंगठ्याने दाबून सरकवलं की आत बीएल-५सी. ही बॅटरी माहीत नाही असा माझ्या वयाचा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. बॅटरी खराब झालीय का बघायचं तर टेबलावर आडवी ठेवून बोटाने गरकन फिरवायची, भिंगरीसारखी फिरली तर फुगली, नाही फिरली तर चांगली. चौकातल्या कुठल्याही दुकानात दीड-दोनशेत दुसरी मिळायची, आणि मिळायची काय, अजून मिळते, आमच्या घरी देव्हाऱ्यापाशी भजनाचा जो छोटा स्पीकर आहे त्यात आजही बीएल-५सीच आहे.

याच बॅटरीने २००७ च्या ऑगस्टमध्ये देशभर घबराट केली होती ते आठवत असेल. जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांमध्ये दोष असू शकतो, चार्जिंगला असताना त्या तापू शकतात असं नोकियाने जाहीर केलं, आणि गावागावांत मोबाईल फुटतात अशा बातम्या पसरल्या. मी तेव्हा जळगावला शिकत होतो, होस्टेलवर सगळ्यांनी फोन उघडून बॅटरीच्या पाठीवरचा २६ अंकी नंबर तपासला होता, वहीत लिहून घेतला होता. लोक घाबरले, नोकियाच्या सेंटरपुढे रांगा लागल्या, सगळं खरं. पण काय करायचं होतं? झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, नंबर बघायचा, दोषी असेल तर ती द्यायची आणि नवी घ्यायची. फोन तुमच्या हातात तसाच.

याच्या पुढे २०१६ चं गॅलॅक्सी नोट ७ चं प्रकरण ठेवून बघा. तिथेही दोष बॅटरीतच होता, सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये स्वतःच चौकशीचा निष्कर्ष सांगितला की दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये वेगवेगळे दोष होते. पण बॅटरी आत सीलबंद. म्हणून आधी २५ लाख फोन परत मागवले, बदलून दिलेले फोनही पेटायला लागले, आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद. विमानात तो फोन चालू करायला बंदी, चार्ज करायला बंदी. चांगला कॅमेरा, चांगला डिस्प्ले, चांगला पेन, सगळं एका बॅटरीपायी परत. मला तेव्हाच वाटलं होतं की आता तरी कंपन्या शहाण्या होतील आणि झाकण परत येईल. उलटं झालं, राहिलेल्यांनीही सील करून टाकलं.

पाणी आत जाऊ नये म्हणून सील करावं लागतं, असं उत्तर हमखास मिळतं. मग सॅमसंगचाच २०१४ चा गॅलॅक्सी एस५ काय होता? मागचं प्लास्टिकचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हाताने बदलता यायची, आणि फोनला आयपी६७, म्हणजे अर्धा तास एक मीटर पाण्यात टिकेल. झाकणाला आतून रबराची पातळ कड होती, आपल्या प्रेशर कुकरला असते तशीच कल्पना. पुढच्या वर्षी एस६ आला तो काचेचा आणि सीलबंद, आणि मजा म्हणजे त्याला पाण्यापासूनचं ते संरक्षणही नव्हतं! म्हणजे कारण पाणी नव्हतं. दिसायला भारी आणि हाताला पातळ हे कारण होतं, आणि अडीच-तीन वर्षांत माणूस नव्या फोनच्या दुकानात येतो हा फायदाही कोणाला दिसला नसेल असं मी मानायला तयार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावं लागलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरने कमी करत होते. त्यांचं म्हणणं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण खरं असेलही. पण मग लोकांना सांगितलं का नाही? बोभाटा झाल्यावर माफी मागितली, बॅटरी बदलायचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला. किती जणांनी त्याआधी "फोन स्लो झाला" म्हणून चांगला फोन मोडीत काढला असेल, ज्यांना फक्त एक सेल हवा होता.

आता पातळपणाचं बघा. नानांचा फोन फुगला त्याच्या दोन-तीन आठवड्यांनी, १३ मेला, सॅमसंगने गॅलॅक्सी एस२५ एज आणला, ५.८ मिलिमीटर जाडीचा. सप्टेंबरमध्ये ॲपलने आयफोन एअर आणला, ५.६ मिलिमीटर. यूट्यूबवर जो तो तोच फोन आडवा धरून दाखवत होता, बघा किती पातळ. एजमध्ये बॅटरी ३९०० एमएएच, त्याच घरातल्या, त्याहून स्वस्त एस२५ प्लसमध्ये ४९००. म्हणजे जास्त पैसे घेऊन बॅटरी कमी दिली आणि याला प्रगती म्हणायचं. मी माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही की माझा फोन जाड आहे, पातळ पाहिजे. चार्ज टिकत नाही हे रोज ऐकतो, एसटी स्टँडवर ऐकतो, मार्केट यार्डात ऐकतो, लग्नात ऐकतो. आणि पातळ फोन घेतल्यावर माणूस करतो काय, त्याला जाड कव्हर घालतो.

तर त्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून बाहेर पडलो आणि नानांना म्हटलं गोलाणीत जाऊ. जळगावचं गोलाणी मार्केट ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, फोनचं तिथे मिळत नाही असं काही नाही. एका चिंचोळ्या गाळ्यात पारोळ्याकडचा एक पोरगा बसतो, पंचविशीचा असेल, समोर भिंग लावलेला दिवा, खाली निळी रबरी मॅट. त्याने फोन हातात घेऊन नुसता कानाजवळ आणला, हलवला, वास घेतला. "गॅस झालाय भो, पण लीक नाहीये. काढून देतो."

मग मी आणि नाना स्टुलावर बसून बघत राहिलो. आधी गरम प्लेटवर फोन पाठीवर ठेवला, गम ढिला व्हायला. मग जुन्या सिमकार्डाची प्लास्टिकची चौकट कोपऱ्यात घालून इंच इंच सरकवत मागचं पॅनल सोडवलं, स्क्रीनला हात लावला नाही, जी स्क्रीन तुटेल म्हणून सहा हजार आठशे सांगितले होते. आतली बॅटरी बघून नाना गप्प झाले. पुरी फुगावी तशी टम्म, चांदी कलरची, दोन्ही कडांनी चिकटवलेली. ती उचकटताना टोचली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून त्याने धातूची पट्टी बाजूला ठेवली, सिरिंजने कडेकडेने आयपीए (गम विरघळवणारं अल्कोहोल) सोडलं, दोन मिनिटं थांबला, आणि प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचलली. एकदाही घाई नाही. निघालेली बॅटरी त्याने टेबलाखालच्या रेतीने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, त्या डब्यात तसल्याच आणखी सात-आठ होत्या. उन्हाळ्यात रोजच्या चार-पाच येतात म्हणाला.

मी विचारलं, नवी ओरिजिनल आहे का. पोरगा खरं बोलला, त्याचं मला कौतुक वाटलं. "ओरिजिनल कंपनी आम्हाला देतच नाही भाऊ. ही चांगल्यातली कॉपी आहे, माझ्या घरच्यांच्या फोनला हीच घालतो." सगळं दुखणं इथे आहे. हात आहे, अक्कल आहे, पस्तीस-चाळीस मिनिटांत साडेनऊशे रुपयांत काम होतंय, पण खरा पार्ट त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, आणि मग म्हणायचं की बाहेरून रिपेअर करू नका, धोका आहे. आयफोनमध्ये तर २०१९ पासून बाहेर बॅटरी बदलली की बॅटरी खरी आहे याची खात्री करता येत नाही असा मेसेज यायला लागला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून असल्या पार्ट-बांधणीला, म्हणजे सुटा भाग सॉफ्टवेअरने एकाच फोनला बांधून टाकायला, मनाई केली, तिथला पहिलाच कायदा. युरोपने २० जून २०२५ पासून नियम लावला की त्यांच्याकडे जो स्मार्टफोन विकाल त्याचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं द्यायचे, बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावर ८० टक्के तरी उरली पाहिजे. आणि फेब्रुवारी २०२७ पासून तिथे बॅटरी ग्राहकाला सहज काढता आली पाहिजे असा कायदा येतोय, फक्त फोनवाल्यांना पळवाट ठेवलीय, १००० चार्जला ८० टक्के टिकवून दाखवा आणि पाण्या-धुळीपासून संरक्षण द्या, मग सीलबंद चालेल. मला ती पळवाट पटत नाही. हजार चार्ज कुठल्या तापमानात मोजणार? चोपड्याच्या मे महिन्यात मोजा आणि मग बोला.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्यात मोबाईल होते, शेतीची यंत्रंही होती, म्हणजे नानांचा फोन आणि मोटर दोन्ही. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा अहवाल आला, म्हणजे वस्तू किती सहज दुरुस्त होते त्याला मार्क द्यायचे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही ठरावीक वस्तूंना दुकानात किमतीशेजारी दहापैकी मार्क लावणं सक्तीचं झालं. चांगली गोष्ट आहे, मनापासून पाहिजे. पण पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळून आमच्या गावच्या माणसाचं काय होणार, दीड-दोन तास एसटी आणि तिथे परत तेच वाक्य, तसा बनवलेलाच नाही. मला कायद्यात दोनच गोष्टी पाहिजेत. खरा पार्ट गोलाणीतल्या त्या पोरापर्यंत रास्त भावात पोचला पाहिजे, आणि भारतात विकायचा फोन ४५ अंशांत तपासून त्याचा आकडा खोक्यावर छापला पाहिजे. वीस-तीस हजार घेताना आमचं ऊन तुम्हाला दिसत नसेल तर आम्ही दाखवू.

पोराने नवी बॅटरी बसवली, पॅनलच्या कडेने बी-७००० गमची बारीक रेघ ओढली, पॅनल दाबून बसवलं आणि फोनला आडवे-उभे चार रबर बँड लावले, हिरवे दोन, लाल दोन, मेथीच्या जुडीला लावतात तसे. "काका, सकाळपर्यंत काढू नका. आणि रात्रभर चार्जिंगला लावत जाऊ नका, ऐंशीवर काढा." नानांनी मान डोलावली आणि पैसे दिल्यावर त्याला विचारलं, तुझं गाव कुठलं, केळी आहे का तुमच्याकडे. पुढची पाच मिनिटं दोघं कापसाच्या भावावर बोलत होते.

त्या आठवड्यात लाईन रात्रीची होती. आम्ही तिघं गच्चीवर, मी जागाच होतो. साडेबाराला खाली ओट्यावरचा दिवा लागला, म्हणजे लाईन आली. नाना उठून बसले, उशाशी ठेवलेला फोन घेतला, रबर बँड स्क्रीनवरून आडवे गेलेले, त्यातला एक नेमका एकच्या आकड्यावर. त्यांनी तो बोटाने थोडा वर सरकवला, एक दाबलं आणि फोन कानाला लावून बसले. "झाली चालू," म्हणाले, रबर बँड परत जागेवर आणला आणि फोन उशीखाली न ठेवता गच्चीच्या कठड्यावर, वारा लागेल असा ठेवला.